लाकडाचा व्यापारी, शहराचा कारभारी

ज्याने स्वतःचा धंदा नावारूपाला आणला त्याच्या हाती शहराचा कारभार द्यावा, म्हणजे शहरही तसेच नावारूपाला येईल, हा युक्तिवाद दर निवडणुकीत कोणी ना कोणी करतोच. त्याच्या जोडीला आणखी एक गृहीत असते: ज्याच्या धंद्यामुळे गाव वसले त्याचे गावावर उपकार आहेत, आणि उपकारकर्त्याकडे हिशेब मागणे हा कृतघ्नपणा आहे. ही दोन्ही गृहीते तपासायची तर ज्याच्या बाबतीत दुसऱ्या गृहीताला बऱ्यापैकी आधार आहे अशाच माणसाकडे पाहणे न्यायाचे ठरेल. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिअॅटल शहराचा हेन्री येस्लर हा तसा माणूस आहे. आरागिरणीचा मालक, लाकडाचा व्यापारी, जमीनदार, नव्या नगराचा विश्वस्त आणि दोन वेळा महापौर असा त्याचा प्रवास झाला. त्याची गिरणी नसती तर सिअॅटलचा जम एवढ्या लवकर बसला नसता, हे त्याच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागेल. माझे म्हणणे असे आहे की त्याच्या हातून शहराचे भले झाले ते त्याचा आणि शहराचा फायदा एकाच दिशेने जात होता तोवरच. वाटा वेगळ्या झाल्या तेव्हा पुढारी मागे सरला आणि व्यापारी तेवढा उरला.

येस्लरचा जन्म 1810 चा, मेरीलँडमधल्या लायटर्सबर्गचा. सुतारकाम शिकून तो ओहायोतल्या मॅसिलन गावी गेला, तिथे 1839 मध्ये सारा बर्गर्ट हिच्याशी त्याचे लग्न झाले आणि चाळिशी उलटल्यावर, 1851 मध्ये, बायकोला मागे ठेवून तो पश्चिमेकडे निघाला. ऑक्टोबर 1852 मध्ये तो एलियट उपसागराच्या काठी पोचला तेव्हा तिथे गोऱ्या वसाहतकऱ्यांची मोजकी घरे होती. सोन्याच्या मागे धावणारी सॅन फ्रान्सिस्कोसारखी शहरे झपाट्याने वाढत होती आणि तितक्याच झपाट्याने जळतही होती, त्यामुळे लाकडाला तोटा नसलेल्या या किनाऱ्याला गिऱ्हाईक आयतेच होते. आदल्या डिसेंबरात ‘लिओनेसा’ नावाचे जहाज याच किनाऱ्यावरून गोल खांब भरून घेऊन गेले होते. पण कुऱ्हाडीने तोडलेला खांब विकणे वेगळे आणि कापलेली फळी विकणे वेगळे. फळीसाठी गिरणी लागते, आणि वाफेवर चालणारी गिरणी प्युजेट साउंड या समुद्राच्या साऱ्या फाट्याच्या काठाने तोवर कोणी उभारली नव्हती.

यापुढे जे घडले ते या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. किनाऱ्यालगतची जमीन कार्सन बोरेन आणि डॉक मेनार्ड या दोघांनी आधीच आपल्या नावावर लावून ठेवली होती. गिरणी इथेच व्हावी म्हणून दोघांनी आपापल्या हद्दी सरकवल्या आणि समुद्रापासून टेकडीवरील दाट जंगलापर्यंत जाणारा जमिनीचा एक अरुंद पट्टा येस्लरला मोकळा करून दिला. त्या पट्ट्यावरून आडव्या टाकलेल्या लाकडांवर ओंडके घसरवत, पुढे बैल जुंपून खाली आणायचे, गिरणीत चिरायचे आणि धक्क्यावरून जहाजात भरायचे, अशी सोय झाली. मार्च 1853 च्या अखेरीस गिरणी सुरू झाली. तो पट्टा म्हणजे आधीचा मिल स्ट्रीट आणि आजचा येस्लर वे. शहराने येस्लरला दिलेले हे पहिले दान होते, आणि येस्लरने शहराला काही देण्याच्या आधीचे होते. उपकाराचा हिशेब मांडायचाच असेल तर खतावणीतली ही पहिली नोंद विसरून चालणार नाही.

गिरणीने दिले तेही थोडे नव्हते. गावातला जवळजवळ प्रत्येक गोरा पुरुष कधी ना कधी तिथे कामाला होता आणि आसपासच्या मूलनिवासी डुवामिश लोकांनाही तिथे रोजगार मिळत असे. टेकडीवरच्या झऱ्यांचे पाणी लाकडी पन्हळांतून गिरणीकडे आणण्याची येस्लरची व्यवस्था ही शहराची पहिली पाणीयोजना. गिरणीचा भुसा आणि लाकडाच्या ढलप्या भरतीच्या दलदलीत टाकून जमीन वाढवली गेली, आणि आजच्या पायोनिअर स्क्वेअरच्या परिसरातील काही इमारती त्याच भरावावर उभ्या आहेत. गिरणीशेजारी ओंडक्यांची एक भटारखाना-खोली होती. कामगारांचे जेवण तिथेच, खटल्याची सुनावणी तिथेच, रविवारचे प्रवचन तिथेच आणि गावाची सभाही तिथेच. येस्लरच्या चरित्रात हा भटारखाना नेहमी कौतुकाने येतो, आणि ते समजण्यासारखेही आहे. मला मात्र त्यात एक अडचण दिसते. ज्या छताखाली न्याय, धर्म आणि सभा या तिन्ही गोष्टी चालतात ते छत एका व्यापाऱ्याच्या मालकीचे असेल, तर त्याच्या विरोधात बोलायला उठणाऱ्याने कुठे उभे राहायचे? पहिली काही वर्षे हा प्रश्न कोणाला पडला नसेल, कारण विरोधात बोलण्यासारखे काही नव्हते. परंतु सार्वजनिक जागेची उणीव खाजगी सौजन्याने भरून निघाली की ती उणीव आहे हेच गाव विसरते, आणि ही सवय पुढे महागात पडते.

इथे शेजारच्या एका गावाची आठवण करून देणे भाग आहे. त्याच वर्षी, 1853 मध्ये, प्युजेट साउंडच्या पलीकडे पोर्ट गॅम्बल इथे पोप आणि टॅल्बट यांच्या कंपनीने गिरणी सुरू केली. ती येस्लरच्या गिरणीपेक्षा मोठी होती, तिचे भांडवल भक्कम होते आणि कारभार शिस्तीचा होता. घरे कंपनीची, दुकान कंपनीचे, सगळे गावच कंपनीचे. ती गिरणी 1995 पर्यंत, म्हणजे तब्बल 142 वर्षे चालली आणि पोर्ट गॅम्बल शेवटपर्यंत एक नेटके, चिमुकले गाव राहिले. ‘धंदा चालवतो तसे गाव चालवावे’ या विचाराचा शुद्ध नमुना पाहायचा असेल तर तो तिथे आहे, सिअॅटलमध्ये नाही. सिअॅटल वाढले याचे एक कारण हे की तिथला लाकडाचा व्यापारी तितका समर्थ नव्हता. येस्लर गळ्यापर्यंत कर्जात होता, ओहायोतल्या धनकोचे देणे त्याला वर्षानुवर्षे पुरले, त्याच्या जमिनीच्या दोन्ही बाजूंना बोरेन, डेनी आणि मेनार्ड यांच्यासारखे तितकेच हट्टी मालक होते आणि गावावर एकट्याची सत्ता गाजवणे त्याला परवडणारेच नव्हते. या हट्टाची खूण आजही नकाशावर दिसते. मेनार्डने आपले रस्ते होकायंत्राप्रमाणे उत्तर-दक्षिण आखले, बोरेन आणि डेनी यांनी किनाऱ्याच्या वळणाप्रमाणे, आणि दोन्ही आखण्या येस्लरच्या रस्त्यावर येऊन एकमेकींना वाकड्या भेटतात. नगररचनाकाराला हे पाहून कपाळाला हात लावावासा वाटेल. तरीही एका मालकाच्या सरळ रस्त्यांपेक्षा तीन मालकांचे वाकडे रस्ते बरे, असे मी म्हणेन, कारण भांडणातून वाट काढण्यासाठीच सभा, ठराव आणि मतदान यांची गरज पडते.

ठरावांचा विषय निघालाच आहे तर 1865 कडे वळतो. त्या वर्षी जानेवारीत सिअॅटलला प्रथमच नगराचा दर्जा मिळाला आणि पाच विश्वस्तांचे मंडळ नेमले गेले. चार्ल्स टेरी अध्यक्ष होता आणि इतर चौघांत येस्लर होता. काही आठवड्यांतच, फेब्रुवारीत, या मंडळाने आपला पाचवा ठराव केला: नगराच्या हद्दीत कोणत्याही रस्त्यावर, गल्लीत किंवा मोकळ्या जागेत मूलनिवाशांनी राहू नये. ज्या सरदाराचे नाव या शहराने घेतले तो सरदार सिअॅटल तेव्हा हयात होता आणि त्याच्याच लोकांना त्यांच्याच किनाऱ्यावर घर करायला बंदी झाली. ठरावात एक अपवाद होता. जो मूलनिवासी एखाद्या गोऱ्याकडे कामाला असेल त्याच्या राहण्याची सोय मालकाने आपल्या घराशेजारी करायची होती. म्हणजे माणूस नको, पण त्याचे हात हवेत. आणि हात हवेत तेही मालकाच्या अंगणातच.

हा अपवाद कोणी सुचवला हे ठरावाच्या मजकुरावरून कळत नाही, आणि तो येस्लरनेच घातला असा आरोप मी करणार नाही. पण ज्या मंडळावर गावातला मोठा मालक बसला आहे त्या मंडळाचा ठराव मालकाच्या सोयीचा अपवाद ठेवतो, यात योगायोग शोधत बसण्याइतके भाबडेपण कशाला? येस्लर मूलनिवाशांचा वैरी नव्हता, उलट बऱ्याच वसाहतकऱ्यांपेक्षा त्याचे त्यांच्याशी संबंध जवळचे होते. कर्ली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डुवामिश म्होरक्याच्या मुलीपासून त्याला 1855 मध्ये ज्युलिया नावाची मुलगी झाली होती. त्याच वर्षी झालेल्या पॉइंट एलियटच्या तहावर सही करून जमीन सोडणाऱ्या डुवामिशांना स्वतःची राखीव भूमी कधीच मिळाली नाही. ती देण्याचा प्रस्ताव 1866 मध्ये आला तेव्हा वसाहतकऱ्यांनी सह्यांचा अर्ज करून तो हाणून पाडला, आणि या जमातीला केंद्र सरकारची मान्यता 2015 मध्येही नाकारण्यात आली. वैयक्तिक जिव्हाळा आणि सार्वजनिक भूमिका या दोन गोष्टींत किती अंतर पडू शकते हे पाहायला यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे. गिरणीमालक म्हणून येस्लरला या लोकांची किंमत कळत होती. विश्वस्त म्हणून त्यांचा हक्क मांडायची वेळ आली तेव्हा ती किंमत मजुरीच्या दरापुढे गेली नाही.

पुढे 1876 मध्ये त्याने कर्जातून सुटण्यासाठी जी युक्ती काढली ती जवळजवळ विनोदी आहे. पाच डॉलरला एक तिकीट अशी भव्य सोडत जाहीर झाली आणि पहिले बक्षीस म्हणजे खुद्द गिरणी. मालमत्ता थेट विकायला गिऱ्हाईक मिळत नव्हते, म्हणून ती हजारो लोकांना थोडी थोडी विकायची, असा हा बेत होता. प्रांताच्या विधिमंडळाकडून कायद्याचे पाठबळही मिळवले होते, ते अशा अटीवर की उत्पन्नाचा एक हिस्सा कॅस्केड पर्वतातून जाणाऱ्या गाडीरस्त्यासाठी द्यायचा. न्यायालयाने सोडत बेकायदा ठरवली आणि बेत फसला. मला यातले आर्थिक धाडस खटकत नाही, खटकतो तो रस्ता. पर्वतापलीकडे जाणारा रस्ता ही सिअॅटलची खरीखुरी गरज होती. रेल्वे कंपनीने 1873 मध्ये शेवटचे स्थानक म्हणून जवळच्या टकोमा शहराची निवड केल्यानंतर तर गावकरी स्वतः कुदळी-फावडी घेऊन रुळांची वाट खणायला बाहेर पडले होते. अशा गरजेचा बुरखा स्वतःच्या कर्जावर पांघरायचा ही रीत आपल्याला अनोळखी नाही. लोककल्याणाचा हिस्सा जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो, बक्षिसाचा मालक कोण ते लहान अक्षरांत.

येस्लरला अखेर श्रीमंत केले ते गिरणीने नव्हे, जमिनीने. शहराची लोकसंख्या 1880 मध्ये 3,533 होती आणि 1890 मध्ये 42,837. एवढी माणसे आली, त्यांनी घरे बांधली, दुकाने थाटली, कर भरले, आणि मधोमध असलेल्या येस्लरच्या जागांचे भाव आपोआप चढले. ‘येस्लरने शहर उभे केले’ हे विधान जितके खरे तितकेच ‘शहराने येस्लरला उभे केले’ हेही खरे. दुसरे वाक्य पुतळ्याखाली कोणी कोरत नाही, एवढाच फरक.

आता दोन अवघड प्रसंग. जानेवारी 1882 मध्ये खुनाचा आरोप असलेल्या दोघांना जमावाने न्यायालयातून ओढून नेले आणि येस्लरच्या घराशेजारच्या दोन मॅपल वृक्षांमध्ये आडव्या लावलेल्या लाकडांवर फासावर लटकवले. तेवढ्यावर न थांबता तुरुंगातून तिसऱ्याला आणून त्याच्याही गळ्यात दोर अडकवला. येस्लर तेव्हा महापौर नव्हता. पण या झाडांना लागलेले हे पहिलेच फळ आणि तेही उत्तम, अशा अर्थाचे उद्गार त्याच्या नावावर सांगितले जातात, आणि ते आपले नव्हेत अशी लाज त्याने दाखवल्याचे दिसत नाही. ‘त्या काळची रीतच तशी होती’ हे उत्तर इथे चालत नाही, कारण त्याच अंगणात त्याच वेळी प्रांताचे मुख्य न्यायाधीश रॉजर ग्रीन दोर कापायला पुढे झाले होते आणि जमावाने त्यांना आवरून धरले होते. काळ दोघांचा एकच होता. काळाचे माप लावायचेच असेल तर ते ग्रीन यांनाही लावावे लागेल.

दुसऱ्या प्रसंगी येस्लर महापौर होता. टकोमातून नोव्हेंबर 1885 मध्ये चिनी रहिवाशांना हाकलण्यात आले होते आणि तिथला महापौर स्वतः त्यात सामील होता. सिअॅटलमध्ये 7 फेब्रुवारी 1886 च्या रविवारी सकाळी जमाव आरोग्य-तपासणीचे निमित्त करून चिनी घरांत शिरला, सुमारे साडेतीनशे माणसांना सामानासह धक्क्याकडे नेले आणि ‘क्वीन ऑफ द पॅसिफिक’ या जहाजावर चढवायला सुरुवात केली. कप्तानाने भाड्याशिवाय कोणाला घेणार नाही असे सांगितले तेव्हा लोकांनी वर्गणी काढून भाडे भरले, हा तपशील मला त्या दिवसाच्या हिंसेइतकाच भयंकर वाटतो. न्यायाधीश ग्रीन यांनी चिनी माणसांना न्यायालयात आणवले आणि राहायचे की जायचे ते त्यांनीच ठरवावे, राहिल्यास कायद्याचे संरक्षण मिळेल, असे सांगितले. भेदरलेल्या बहुतेकांनी जाणेच पसंत केले. जहाजात मावले नाहीत त्यांना घरी पोचवताना चकमक झाली, गोळीबारात जमावातला एक जण मेला आणि गव्हर्नर वॉटसन स्क्वायर यांनी लष्करी कायदा पुकारला.

निष्पक्षपणे सांगायचे तर येस्लर टकोमाच्या महापौरासारखा जमावाच्या पुढे नव्हता, तो कायदा-सुव्यवस्थेच्या गटातला होता. पण या गटाची भूमिकाही काय होती? चिनी लोकांनी जावे याविषयी त्या गटातील बहुतेकांचे दुमत नव्हते, ते कायदेशीर मार्गाने जावेत एवढाच आग्रह होता. चिन चुन हॉक हा 1860 पासून या गावात राहत होता, 1868 मध्ये त्याने वा चाँग कंपनी काढली होती आणि गावातल्या कितीतरी ‘संस्थापकां’पेक्षा तो जुना करदाता होता. तो गावकरी आहे, पाहुणा नव्हे, असे म्हणण्याची जबाबदारी शहरात सगळ्यात आधी महापौराची होती. त्या दोन दिवसांच्या इतिहासात स्क्वायर, ग्रीन आणि शेरीफ मॅकग्रॉ ही नावे ठळक आहेत, महापौराचे नाव शोधावे लागते. पुढच्या निवडणुकीत हकालपट्टीच्या बाजूच्या पीपल्स पार्टीचा माणूस महापौर झाला. म्हणजे ठाम भूमिका घेणे महाग पडले असते हे उघड आहे. नागरी पुढारी या पदाची किंमत नेमकी तीच असते, आणि ती रोकडीत चुकवता येत नाही.

या लाकडाच्या धंद्याचा भारतीयांशी संबंध याच वळणावर येतो. चिनी मजूर गेले, गिरण्यांची मजुरांची गरज गेली नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती जागा काही प्रमाणात पंजाबातून आलेल्या, बहुतांशी शीख मजुरांनी घेतली. सिअॅटलच्या उत्तरेला बेलिंगहॅम इथे 4 सप्टेंबर 1907 च्या रात्री पाचशेच्या आसपास गोऱ्यांचा जमाव त्यांच्या निवाऱ्यांवर आणि गिरण्यांवर चालून गेला. कित्येकांना ‘संरक्षणासाठी’ म्हणून नगरपालिकेच्याच इमारतीच्या तळघरात रात्रभर कोंडण्यात आले आणि काही दिवसांत ते सगळे गाव सोडून गेले. कोणालाही शिक्षा झाली नाही. शहराने या घटनेबद्दल औपचारिक खेद व्यक्त केला तो शंभर वर्षांनी, 2007 मध्ये. गिरणीमालकांना स्वस्त मजूर हवे होते, पण मजुराच्या पाठीशी उभे राहण्याची वेळ आली तेव्हा पाठबळ तोकडे पडले. म्हणजे येस्लरच्या बाबतीत जे दिसले ते एका माणसाच्या स्वभावापुरते नव्हते. पुढे याच किनाऱ्यावरच्या गिरणी-मजुरांतून 1913 मध्ये गदरची संघटना उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष सोहनसिंग भकना स्वतः ओरेगॉनमध्ये लाकूड गिरणीत राबलेले होते, आणि या मजुरांमध्ये स्वातंत्र्याचा विचार पेरणाऱ्यांत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, जे तेव्हा ओरेगॉन आणि वॉशिंग्टन (सिअॅटल ज्यात आहे ते) या राज्यांत शेतीशास्त्र शिकत होते. आज नोकरीनिमित्त सिअॅटलच्या परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना येस्लर वे ठाऊक असतो. खानखोजे याच राज्यात वावरले होते हे त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असावे.

शहर येस्लरच्या सावलीतून बाहेर पडले ते आगीने. सुताराच्या दुकानातल्या तापत्या सरसाच्या भांड्याने 6 जून 1889 च्या दुपारी पेट घेतला आणि संध्याकाळपर्यंत व्यापारी वस्तीतले पंचवीसहून अधिक चौक राख झाले. येस्लरचा धक्काही जळाला. घरे लाकडाची, पदपथ लाकडाचे, आणि पाण्याचे नळसुद्धा पोखरलेल्या ओंडक्यांचे! पाणीपुरवठा खाजगी कंपनीकडे होता, नळांवर एकाच वेळी सगळे बंब जोडताच दाब संपला. ज्या लाकडाने गाव वसवले त्यानेच ते जाळले असे म्हणायचा मोह होतो, पण खरा दोष लाकडाचा नव्हे. पस्तीस वर्षे पाणी ही कोणाच्या तरी धंद्याची बाब राहिली, हा दोष होता. जुलैमध्ये शहराने स्वतःची पाणीयोजना करावी काय यावर मतदान झाले तेव्हा बाजूने 1,875 मते पडली आणि विरोधात 51. नव्या इमारती विटांच्या आणि दगडाच्याच हव्यात असा नियम झाला. येस्लरनेही आपल्या जागेवर पायोनिअर बिल्डिंग बांधायला घेतली. ती उभी राहिली, आजही आहे, आणि खरोखर देखणी आहे. डिसेंबर 1892 मध्ये येस्लर वारला.

त्याच्या पत्नीविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. सारा 1858 मध्ये सिअॅटलला आली, 1868 मध्ये स्थापन झालेल्या वाचनालयाची ती पहिली ग्रंथपाल होती आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी तिने उघडपणे काम केले. तिला ना गिरणी होती, ना पद. येस्लर दांपत्याने बांधलेल्या चाळीस खोल्यांच्या वाड्यात 1899 मध्ये सार्वजनिक वाचनालय आले, 1901 च्या आरंभी तो वाडा पुस्तकांसह जळाला आणि अँड्र्यू कार्नेगी यांनी नव्या इमारतीसाठी 2,00,000 डॉलर दिले. नागरी नेतृत्वाचा वारसा या घरातून शोधायचाच असेल तर मी तो आधी वाचनालयात शोधेन, गिरणीत नंतर.

मग येस्लरचे नाव रस्त्यावरून पुसावे काय? मला तसे वाटत नाही. तो रस्ता त्याचाच होता, आणि नाव पुसले की त्याच्याबरोबर 1865 चा ठराव आणि 1886 चा रविवारही विसरण्याची सोय होते. टेकडीवर सिअॅटलच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने 1940 नंतर जी सार्वजनिक घरे बांधली त्यांनाही येस्लर टेरेस हेच नाव दिले. तिथे वेगवेगळ्या वर्णांच्या कुटुंबांना सुरुवातीपासून शेजारी-शेजारी घरे मिळाली, आणि ही गोष्ट त्या काळी अमेरिकेत अपूर्व होती. ज्याच्या मंडळाने मूलनिवाशांना मालकाच्या अंगणापुरती जागा दिली त्याच्या नावाने अशी वसाहत उभी राहावी, यात मला उपरोध दिसतो. पण त्या घरांमागचा निर्णय व्यापाऱ्याचा नसून लोकनियुक्त व्यवस्थेचा होता, हे अधिक मोलाचे आहे.

आपल्याकडे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 10 प्रमाणे ज्याचा महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असेल तो नगरसेवक होण्यास अपात्र ठरतो. तरतूद योग्यच आहे, पण ती येस्लरला अडवू शकली नसती, कारण त्याचा फायदा कंत्राटात नव्हता. तो रस्ता कुठून जातो यात होता, कोणाला कुठे राहता येते यात होता आणि शहर वाढले की कोणाची जमीन मधोमध येते यात होता. आजचा तसा लोकप्रतिनिधी कंत्राट घेत नाही, विकास आराखड्यातला एक रस्ता थोडासा इकडे सरकवतो. तेव्हा कायद्याने कंत्राटाच्या पलीकडे पाहावे अशी मागणी करायला हवी: आराखडा, आरक्षण किंवा रस्त्याची आखणी चर्चेला येईल तेव्हा त्या टापूत स्वतःची, कुटुंबाची किंवा भागीदाराची किती जमीन आहे हे सदस्याने सभागृहात मोठ्याने वाचून दाखवावे, ते इतिवृत्तात नोंदवले जावे आणि मतदानाच्या वेळी त्याने सभागृहाबाहेर बसावे. धंदेवाल्या माणसाला निवडणूक लढवण्याचा हक्क आहेच, आणि या अटीनंतरही जो उभा राहील त्याला मत द्यायला माझी हरकत नाही.